डाव्या सीटवरची गादी

गाडी माझी आहे. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोलले आहे की आता ते बोलताना माझा मलाच वीट येतो. तरी कुणाच्या डोक्यात ते शिरलं नाही. मिरजेत सगळे म्हणायचे, "डॉक्टरांची ती उघडी गाडी." डॉक्टर म्हणजे माझा नवरा. तो सर्जन होता आणि मी भूल देणारी. ऑपरेशनच्या टेबलापाशी आम्ही दोघं उभे असायचो, तो पोटाशी, मी डोक्याशी, आणि बरा झालेला माणूस पेढे घेऊन यायचा तो त्याच्याकडे. मला त्याने पाहिलेलं असायचं ते डोळे मिटता मिटता. तेवढ्यावर कोण कुणाला ओळखणार? त्याची मला सवय झाली. गाडीच्या बाबतीत मात्र ती कधी झाली नाही.

ती मी घेतली तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याच्या गोदामात पोत्यांच्या मागे ती ताडपत्रीखाली पडून होती. दोन सीटची, कापडी टपाची, लांब नाकाची, बुटकी विलायती स्पोर्ट्‌स कार. रंग कळत नव्हता, सगळी पिवळी. व्यापारी मला म्हणाला, "घरातलं कुणी मोठं माणूस असेल तर पाठवून द्या, त्यांच्याशी बोलतो." मी म्हटलं, मोठं माणूस मीच आहे. तो हसला. पण गाडी दिली. धुऊन काढल्यावर आतून गर्द हिरवा रंग निघाला. अजूनही पावसाळ्यात तिच्या दाराच्या खणातून हळदीचा वास येतो.

दोन वर्षांनी लग्न झालं आणि मी डाव्या सीटवर गेले. त्यासाठी काही भांडण वगैरे झालं नाही. पहिल्या दिवशी तो सहज उजवीकडे बसला आणि मी सहज डावीकडे. त्यानंतर बावीस वर्षं तसंच चाललं. तो वाईट माणूस नव्हता, पण गिअर वाईट टाकायचा. त्या जुन्या गाडीला पहिला गिअर टाकायचा तर ती पूर्ण थांबवावी लागे, नाहीतर आत दातावर दात घासत. तो थांबवत नसे. त्या आवाजाने दर वेळी माझ्या दाढा कळवळायच्या. मी सांगायचे, तो म्हणायचा, "जुनी गाडी आहे, आवाज करणारच." बावीस वर्षं मी तो आवाज ऐकला आणि बावीस वर्षं मला त्याची तितकीच शिसारी आली.

तो गेल्यावर महिन्याभराने मी त्याच्या कपाटातून किल्ली काढली. त्यानंतर दर रविवारी सकाळी मी एकटी निघायचे. सांगलीत कृष्णेच्या कडेने थोडं, मग उसाच्या शेतांमधून कडेगावच्या बाजूला, तिथे रस्त्याकडेच्या टपरीवर एक चहा आणि परत. पहिला गिअर टाकताना गाडी पूर्ण थांबवायचे. आवाज यायचा नाही. आठ वर्षांत एकदाही आला नाही. त्या दोन-तीन तासांत मी कुणाची काकू नव्हते, कुणाची मॅडम नव्हते, कुणाच्या उशाशी उभी नव्हते. बाकीच्या आठवड्याचं मी फार मनावर घेत नसे.

मग गेल्या वर्षी हॉस्पिटलच्याच पायऱ्यांवरून घसरले आणि डावा घोटा मोडला. ज्या ऑपरेशनला मी शेकडो लोकांना भूल दिली तेच माझं झालं. आत पट्टी आणि सात स्क्रू बसले. चालता येऊ लागलं, पण जुन्या गाडीचा क्लच म्हणजे दगड, तो डाव्या पायाने दाबायचा म्हटलं की डोळ्यांपुढे काजवे चमकत. हाडांचे डॉक्टर, जे माझ्यापुढे शिकून मोठे झाले, मला म्हणाले, "मॅडम, आता क्लचची गाडी विसरा."

घरच्यांना आनंदच झाला. तो त्यांनी काळजीच्या वेष्टनात गुंडाळून दिला, एवढंच. "छोटी ऑटोमॅटिक घ्या ना काकू, एसी असतो, टप असतं." हे माझा पुतण्या म्हणाला. दिरांचा मुलगा, पस्तिशीचा, सहा फूट उंच, आणि माझ्यावर जीव असलेला. मला मूल नाही, म्हणून माझी औषधं, माझं बँकेचं काम, माझे मोबाईलचे घोळ हे सगळं तोच बघतो. त्याचं साताऱ्याकडे हायवेवर हॉटेल आहे. त्याच्या मनात फार दिवस होतं की ही गाडी हॉटेलपुढे ठेवावी, लोक तिच्यात बसून फोटो काढतील. तो हे हसत बोलायचा. मीही हसायचे, पण मला डोळ्यांपुढे दिसायचं: माझ्या सीटवर कुणीतरी पनीर खाल्लेल्या हातांनी स्टिअरिंग धरून तोंडाचा चंबू करतंय. 

मी ठरवलं, गाडी हीच राहणार, फक्त तिचा गिअरबॉक्स बदलायचा. क्लचचा काढायचा आणि ऑटोमॅटिक बसवायचा. परदेशात लोक असं करतात हे मी वाचलं होतं. जमलं तर मी चालवीन. नाही जमलं तर ती हॉटेलपुढे उभी राहणार हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

आधी सांगलीतल्या एका गॅरेजात दिली. मालक म्हणाला, "होतंय की मॅडम!" एवढ्या पटकन 'होतंय' म्हणणाऱ्या माणसापासून दूर राहावं हे मला कळायला हवं होतं. मी अडतीस वर्षं सर्जन लोकांत काढली आहेत. दर आठवड्याला फोन केला की तो म्हणायचा, "होतंय की, टेन्शन घेऊ नका." पाच महिन्यांनी न सांगता जाऊन उभी राहिले. गाडी कोपऱ्यात. तिच्या लांब नाकावर वर्तमानपत्र पसरून तिघं जण जेवत होते. तळलेल्या मिरचीचं तेल कागदातून झिरपून रंगावर उतरलं होतं. चौथा माझ्या सीटवर झोपला होता, पाय डॅशबोर्डावर, आणि दाराच्या आतल्या कडेला गुटख्याच्या पिंका वाळून लाल पापुद्रे झाले होते. दोन सीटच्या मधला पत्रा गॅसकटरने उभा कापून ठेवला होता, म्हणजे गिअरबॉक्स मिळण्याच्या आधीच. "आधी जागा करून ठेवली मॅडम," मालक अभिमानाने म्हणाला. मी ऑपरेशन थिएटरात रक्त, पू, सगळं पाहिलं आहे. त्यातलं काहीच मला कधी इतकं घाण वाटलं नाही. त्या झोपलेल्या माणसाला मी हाताने हलवून उठवलं आणि त्याच दिवशी क्रेनवाल्या ट्रकवर घालून गाडी घरी आणली. घरी आल्यावर तीन दिवस ओल्या फडक्याने ते पापुद्रे खरवडत होते.

मग पुतण्याने साताऱ्याचा मिस्त्री शोधून काढला. म्हातारा, सत्तरीला आलेला. तीस वर्षं लष्कराच्या वर्कशॉपमध्ये गाड्या दुरुस्त करून पेन्शनीत निघालेला आणि आता घराशेजारच्या शेडमध्ये निवडक कामं घेणारा. आम्ही गाडी ट्रकवर घालून त्याच्याकडे नेली. शेड पाहून मला हायसं वाटलं. पान्हे स्वच्छ कापडावर ओळीने मांडलेले. फरशीवर तेलाचा एक डाग नाही. त्याने साबणाने हात धुतले, पुसले आणि मग गाडीला हात लावला. बांधलेल्या जखमेची पट्टी सोडावी तसा त्याने तो कापलेला पत्रा उचलून पाहिला आणि म्हणाला, "कुनी केलं ह्ये? त्याला मारलं न्हाई तुमी?" मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला.

त्याने सगळं समजावून सांगितलं. कॉम्प्युटर न लागणारा, जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बघावा लागेल. आपलं इंजिन आणि तो परका गिअरबॉक्स यांची तोंडं जुळणार नाहीत, म्हणून मध्ये जाड अ‍ॅल्युमिनियमची चकती लेथवर कातून घ्यावी लागेल. मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट कापून आखूड करावा लागेल. नवा गिअरबॉक्स जाडजूड असल्यामुळे मधला पत्रा रुंद होईल, सीट पुढेमागे सरकवायच्या पट्ट्यांना जागा उरणार नाही, सीट जमिनीला कायमची ठोकावी लागेल. "तवा माप आधीच घ्यावं लागंल," तो म्हणाला. हे सगळं तो बोलला पुतण्याकडे बघून. मी प्रश्न विचारले की उत्तरही पुतण्याला मिळे. पुतण्याला शाफ्ट आणि सायलेन्सर यांतला फरक कळत नाही. तो मान डोलवत होता.

तेवढ्यात आतून चहा आला. मिस्त्रीने कप माझ्या हातात दिला, आदराने, दोन्ही हातांनी, आणि चहा होता होता पुतण्याला विचारलं, "गाडी चालवनार कोन?"

पुतण्या म्हणाला, "घरचीच गाडी आहे हो मिस्त्री. मीच असतो बहुतेक."

मी काही बोलले नाही. तोंडात चहा होता. आणि त्यात बोलण्यासारखं काय होतं, सगळ्यांना माहीतच होतं की हा सगळा खटाटोप माझ्या घोट्यासाठी चाललाय. घोटा ठणकत होता म्हणून मी बाहेर ट्रकवाल्यासाठी टाकलेल्या खुर्चीवर जाऊन बसले. मागे वळून पाहिलं तर पुतण्या माझ्या सीटवर गुडघे दुमडून बसला होता आणि मिस्त्री खाली वाकून काहीतरी करत होता. लहानपणी तो असाच त्या गाडीत बसून तोंडाने हॉर्न वाजवायचा. मला ते आठवलं आणि बरं वाटलं, हे आता सांगायची लाज वाटते.

काम चार महिने चाललं. मिस्त्री फोन करायचा तो पुतण्याला. फोटो पाठवायचा ते पुतण्याला, आणि पुतण्या ते मला पुढे धाडायचा, वर दोन हात जोडलेले किंवा फुलाचं चित्र लावून. मी ते मोठे करून करून बघायचे. कोल्हापूरकडून आलेला गिअरबॉक्स, एखाद्या लठ्ठ पेशंटसारखा टेबलावर उताणा. लेथवर कातलेली चकती, तिची भोकं अशी साफ की बोट फिरवावंसं वाटावं. पुन्हा नव्याने ठोकलेला पत्रा, ज्यावर त्या सांगलीकराच्या पापाचा मागमूस नाही. एक दिवस कापलेल्या क्लच पेडलचा फोटो आला. नुसती पावलाएवढी लोखंडी पट्टी, वरचं रबर माझ्याच चवड्याने एका बाजूला झिजलेलं. मी पुतण्याला फोन करून सांगितलं, ती फेकू देऊ नकोस. तो म्हणाला, "बरं काकू, शोकेसमध्ये ठेवू आपण." कुठल्या शोकेसमध्ये, ते मी विचारलं नाही.

गाडी तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा पुतण्या आणि मी सकाळीच साताऱ्याला गेलो. गाडी शेडच्या बाहेर उन्हात उभी होती. धुतलेली, चकचकीत, नाकावर झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदी-कुंकवाचं स्वस्तिक. मिस्त्रीने टोपी घातली होती. इंजिन सुरू करून दाखवलं. आवाज एकसारखा, घट्ट. त्याने गिअरचा दांडा मागे ओढला आणि गाडी कसलाही आवाज न करता, दात न खाता, पुढे सरकली.  इतका चांगला हात मी फार थोड्या माणसांचा पाहिला आहे, आणि त्यातले बरेचसे सर्जन होते.

मग तो म्हणाला, "बाई, या हिकडून. तुमच्यासाठी खास काम केलंय."

तो मला डावीकडे घेऊन गेला. डाव्या सीटवर मरून रंगाच्या रेक्झिनची नवी जाड गादी होती, उंच, मांडीखाली उतार दिलेली. डॅशबोर्डावर धरायला कडी. पायाखाली तिरका पाट, त्यावर मऊ पट्टी, माझा डावा घोटा दुखू नये म्हणून. दाराच्या खणात औषधाच्या डब्याएवढी कापडी पिशवी शिवलेली. "बसून बघा," तो म्हणाला. मी बसले. सगळं इतकं नेमकं होतं की मी चकित झाले. पाठ टेकत होती, पाय पाटावर अलगद पोचत होते. त्या दिवशी बाहेर खुर्चीवर बसलेलं एकदा पाहून या माणसाने माझं माप नजरेने घेतलं होतं.

पुतण्या मोबाईल रोखून व्हिडिओ काढत होता. "काकू, हसा की! आता मी चक्कर मारून आणतो तुम्हाला."

मी उतरले. वळसा घालून उजवीकडे गेले आणि सीटवर बसले. पाय लांब केले. ब्रेकच्या पेडलला फक्त बोटं लागली. ती पण उजव्या पायाची, कंबर पुढे सरकवून. पेडलपासून मी चांगली वीतभर मागे होते. सीट ओढायला हात खाली घातला तर पट्ट्या नव्हत्या. चार जाड बोल्ट जमिनीत आवळलेले. मागे पाठ टेकली की आरशात मला झाडाचा शेंडा दिसत होता.

 पुतण्याने मोबाईल खाली केला.

"हे कुणाच्या मापाने केलं?" मी विचारलं. मला माहीत होतं. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा प्रश्न मी कधी विचारत नाही, त्या दिवशी विचारला.

मिस्त्रीने टोपी काढली. "दादांच्या."

"आणि मी?"

"तुमी चालवनार?" तो माझ्याकडे बघत म्हणाला. गाडी चालवण्याबद्दल तो चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "आवं बाई, मला शंका आलती. त्या दिवशी ट्रकवरनं गाडी उतरताना तुमी स्टेरिंगवर हात ठेवला, तो चालवनाऱ्याचा हात हुता. मी दादास्नी म्हनलं बी, बाईंचं माप लागंल का? ते म्हनले, माझंच घ्या."

"मला का नाही विचारलंत?"

तो खाली बघत म्हणाला, "बाईमानसाला पाय लांब करून बसा, टेप लावतो, असं कसं म्हनायचं? लय वंगाळ दिसतं. तुमी डॉक्टरीन हाय, मोठ्या घरच्या. मर्यादा हाय का न्हाई?"

मर्यादा!  मी अडतीस वर्षं परक्या पुरुषांचे जबडे उघडून घशात नळ्या घातल्या आहेत. पैलवान, वकील, फौजदार, सगळे माझ्यासमोर विवस्त्र पडले आणि माझ्याच भरवशावर श्वास घेत राहिले. आणि माझ्या तंगडीला कापडी टेप लागला असता तर आकाश कोसळलं असतं. या माणसाचा रागही धड करता येईना, कारण त्याच मर्यादेने त्याने माझ्या घोट्यासाठी मऊ पट्टी शिवली होती. जे माझ्यासाठी केलं ते जीव ओतून केलं होतं. फक्त ते डावीकडे केलं होतं.

मी पुतण्याकडे वळले. तो घामेजला होता. "काकू, अहो, मला वाटलं..." तो म्हणाला. मग त्याने खरं ते बोलून टाकलं, आणि माझ्यावर जीव असलेल्या माणसासारखं, हळू आवाजात बोलला. "तुम्ही अजून किती दिवस चालवणार आहात? एक वर्ष, दोन वर्षं. मग ती माझ्याकडेच येणार ना. दोनदा खर्च कशाला, म्हणून म्हटलं एकदाच माझ्या मापाने होऊन जाऊ दे."

त्याने माझं औषधही असंच हिशोबाने आणलं असेल का, असं मला त्या क्षणी वाटलं. इतकी किळस मला सांगलीच्या गॅरेजातही आली नव्हती. तिथे नुसती घाण होती. इथे माझ्या मरणाची सोय करून ठेवली होती, प्रेमाने, रेक्झिन लावून.

"टेप आणा," मी मिस्त्रीला म्हणाले.

तो टेप घेऊन आला आणि तिथेच उभा राहिला. मी त्याच्या हातून घेतला. साडीच्या निऱ्या गुडघ्यापर्यंत वर खोचल्या, पाय सरळ केला, टेपचं एक टोक कमरेच्या हाडावर दाबून धरलं आणि दुसरं टाचेपर्यंत ओढलं. घोट्यावरचा लांब व्रण उन्हात उघडा पडला. पुतण्या रस्त्याकडे बघू लागला. मी आकडा मोठ्याने सांगितला. मिस्त्री क्षणभर तसाच राहिला, मग एकदम ताठ झाला, लष्करात करत असेल तसा त्याने आकडा मोठ्याने परत उच्चारला आणि फरशीवर खडूने लिहिला. गुडघ्यापासून टाच, आकडा. त्याने उच्चारला, लिहिला. पाठीपासून स्टिअरिंग, आकडा. तिसऱ्या आकड्याला तो माझ्या पायाकडे बघत होता, कारागीर जसा कामाकडे बघतो तसा. मर्यादा कुठे गेली ती त्याची त्यालाही कळली नाही.

"बोल्ट काडून सीट फुडं घ्यायची तर नवी भोकं पाडावी लागतील, आजचा दिस जाईल," तो म्हणाला. "तंवर पेडलला लाकडाचं ठोकळं लावून देऊ का? घट्ट बसवतो. नंतर येऊन नीट करून जावा."

त्याने बाभळीचे दोन ठोकळे तासले आणि ब्रेकला आणि अ‍ॅक्सिलरेटरला बोल्टने आवळले. तीन-चार वेळा मला बसवून, "दाबा", "सोडा", "आता?" असं मलाच विचारून विचारून कमी-जास्त केले. पाठ अजून टेकत नव्हती. मी डाव्या सीटवरची ती मरून गादी उचलली आणि माझ्या पाठीमागे घातली. तंतोतंत बसली. मिस्त्री बघून हसला नाही, पण मान हलवली.

मला वाटलं होतं, पहिल्यांदा ती गाडी चालवताना काहीतरी मोठं वाटेल. तसं काही झालं नाही. डावा पाय पहिली पाच मिनिटं क्लच शोधत नुसता हवेत भिरभिरत होता. एकदा सवयीने जोरात दाबला तो ब्रेकच्या कडेवर पडला आणि गाडीने असा झटका दिला की शेजारी बसलेला पुतण्या डॅशबोर्डावर आपटता आपटता वाचला. त्याच्या बुडाखाली आता गादी नव्हती, नुसती स्प्रिंगवरची गोणपाटं होती. तो दोन्ही हातांनी ती कडी धरून बसला होता. मग पाय शहाणा झाला आणि एका बाजूला जाऊन पडला. गिअर आपोआप बदलत होते. कुठेही दात घासले नाहीत.

हायवेला लागल्यावर थोड्या वेळाने त्याचं हॉटेल आलं. "काकू, चहा घेऊ या," तो म्हणाला, पण आवाजात उत्साह नव्हता. मी गाडी आत घेतली आणि मला कळलं. दरवाजाच्या उजव्या हाताला, जिथे आधी फुलझाडं होती, तिथे नवा सिमेंटचा चौथरा होता. वर चकचकीत फरशी, चढायला उतार, चारही कोपऱ्यांत वर तोंड केलेले दिवे. काठाला साखळी लावायचे पितळी खांब. मधोमध काचेची छोटी पेटी, खाली मखमल. कापलेलं क्लच पेडल कुठे ठेवायचं होतं ते आता विचारावं लागलं नाही. चौथऱ्याची लांबी-रुंदी मला मोजायची गरज नव्हती. मी माझ्या गाडीचं माप ओळखते.

पुतण्या म्हणाला, "ते असंच... नंतरसाठी करून ठेवलंय."

"उतर," मी म्हणाले.

"अहो, पण मिरजेपर्यंत एकट्या..."

"उतर. आणि ते पेडल दे."

त्याने ऑफिसातून ते आणून दिलं. कागदात गुंडाळलेलं होतं. मी ते दाराच्या खणात, मिस्त्रीने शिवलेल्या औषधाच्या पिशवीत ठेवलं. वेटर धावत डाव्या बाजूला आला आणि रिकाम्या सीटकडे बघून गोंधळला. मी गाडी मागे घेतली आणि बाहेर पडले. आरशात पुतण्या बराच वेळ चौथऱ्यापाशी उभा दिसला. मग कऱ्हाडकडचं वळण आलं.

मी काही जिंकले नाही. तो अजून माझी औषधं आणतो, आणि मी ती घेते. चौथऱ्यावर आता कुंड्या आहेत. सीट पुढच्या महिन्यात मिस्त्रीने पुढे घेऊन दिली. आता तो फोन मला करतो, आणि फोनवर "बाई" म्हटल्यावर थोडा थांबतो, अजूनही. दर रविवारी मी कडेगावच्या बाजूला जाते. राग बराचसा ओसरला आहे, पण किळस गेलेली नाही, आणि ती कुणाची आहे याचा मी बरेच रविवार विचार केला. सांगलीच्या गॅरेजवाल्याची म्हणावी, तर त्याला मी झापून आले. नवऱ्याची म्हणावी, तर पहिल्या दिवशी डाव्या बाजूचं दार मी स्वतः उघडलं होतं. पुतण्याने मिस्त्रीला 'मीच असतो' असं उत्तर दिलं तेव्हा मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. तोंडात चहा होता म्हणून बोलले नाही, असं मी वर लिहिलं आहे. सगळ्यांना मी तेच सांगते.

तो चहा केव्हाच संपला होता. मी रिकामा कप धरून उभी होते.